३,२०० रुपयांचा मायक्रोस्कोप, पंचगंगेच्या दगडावर पारखलेला

शाळेत पन्नास पोरांत एक मायक्रोस्कोप. निम्म्यांची पाळी यायच्या आत तास संपतो. म्हणून दिवाळीत घरीच एक घेतला, कोल्हापुरातल्याच एका दुकानातून. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बिनघोर न्या, हजार पट दिसतंय यात." त्या हजार पटीकडं नंतर येते.

पहिली परीक्षा पंचगंगेकाठी, प्रयाग चिखलीला. घोटाभर पाण्यातला एक दगड उचलला. ज्याच्यावरून पाय सटकतो तो तपकिरी, बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशनं खरवडून बाटलीत घेतला. घरी येऊन एक थेंब स्लाइडवर. १० पटीच्या भिंगाखाली नुसता चहाचा गाळ. ४०चं फिरवलं आणि गॅसवरची भाजी विसरले. होड्या! काचेसारख्या, दोन्ही कडांना सोनेरी-तपकिरी पट्टी. एक सरळ गेली, वाळूच्या कणाला टेकली, थांबली आणि आली तशी मागं सरकली. ना वल्हं, ना शेपूट. कवचाच्या फटीतून चिकट स्राव सोडत सरकतात ही. डायटम म्हणतात यांना, एका पेशीचं शेवाळ. कवच सिलिकाचं, करंडा आणि त्याचं झाकण असं दोन भागांचं. होडी ती नॅव्हिक्युला. शेजारी देठावर उभी गोम्फोनिमा. गोगलगायी आणि मळ्या मासे यांच्यावर चरतात. पुरात गोटे घासून निघाले की उघड्या दगडावर आधी परत येणाऱ्यांत हेच.

मग शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या खालचा दगड आणला. देठवाले जवळपास नाहीतच, बारीक सुयांसारख्या नित्झियांची नुसती गर्दी. त्यांतली नित्झिया पेलिया सांडपाण्यातही मजेत वाढते. पण ही तीच का, हे कवचावरची बारीक नक्षी बघून ठरवायचं, आणि त्याला १००चं भिंग लागतं. डोळ्याकडच्या १०च्या भिंगासकट तेच दुकानदाराचं हजार पट. पण यातलं १००चं स्लाइडवर तेलाचा थेंब घालूनही धुक्यातला पन्हाळा दाखवतं.

दुसरी तक्रार मोठ्या स्क्रूची. ढिला आहे, नळी आपोआप खाली उतरते, दोन कव्हर स्लिपा फुटल्या. दुकानात नेला तर "नवीन हाय मॅडम, बसंल हळूहळू." बसला नाही. शेवटी सायकलच्या ट्यूबची चकती कापून आत घातली, तेव्हा थांबला.

सातवी-आठवीच्या पोरांसाठी जरूर घ्या. फक्त १००च्या भिंगाचे पैसे कमी करून मागा. माझं काढून डबीत ठेवलंय.