डॉक्टरांचा कागद नव्हता तेव्हा आप्पा शहाणे होते

आकडे आधी सांगते, कारण नातेवाइकांत माझ्या वडिलांचं, आप्पांचं, हे प्रकरण "म्हाताऱ्याला कुणीतरी थोडंफार गंडवलं" असं फिरतंय. मोडलेल्या एफडी ९,४०,००० रुपयांच्या. शिवाय पंधराशे चौरस फुटांचा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट. बाजारात त्याला २६ लाख सहज आले असते, तो खरेदीखतात ११ लाखांना गेला. त्यातले ४ लाख चेकने आले आणि आठवड्याच्या आत ३,७५,००० "हातउसने परत" म्हणून निघून गेले. उरलेले ७ लाख "यापूर्वीच रोख पोहोचले". कुठे पोहोचले, आमच्या घरात कुणाला माहीत नाही.

आणि "तुम्ही मुलं कुठे होतात?" हे विचारू नका, विचारून झालंय सगळ्यांचं. मी ठाण्याला, दादा बंगळुरात. रोज रात्री फोन, सणावाराला जाणं, स्वयंपाकाला बाई, शेजारी घराची किल्ली. एकट्या वडिलांसाठी लोक याहून जास्त काय करतात ते मला दाखवा. आप्पांना मी ठाण्याला आणलं होतं. चौथ्या दिवशी "माझी झाडं वाळतील" म्हणून बॅग भरून दारात उभे.

आप्पा ७८ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतःच्या घरात. विसरायला लागले होते, पण कुणाचे वडील विसरत नाहीत? फसवणारा गावातलाच. विम्याची एजन्सी, प्लॉटची दलाली आणि पेन्शनरांची बँकेतली कामं. नाव लिहीत नाही, दावा चालू आहे, वकिलांनी बजावलंय. कसं केलं हे सविस्तर सांगत बसत नाही, ठरलेलीच चाल आहे: आधी औषधं आणून देणं, मग बँकेत नेणं, मग पासबुक "माझ्याकडे राहू दे गुरुजी, तुम्ही कुठेतरी ठेवता". मला म्हणायचा, "ताई, तुम्ही निर्धास्त राहा." राहिले.

बँकेतल्या खात्याचा मोबाइल नंबर त्याने बदलून घेतला होता. आज उठा आणि आईवडिलांच्या खात्याला कुठला नंबर जोडलाय ते बघा. त्यांच्या फोनवर पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतोय का, एवढं बघितलं तरी पुरे.

९,४०,००० पैकी ५,०५,००० सरळ त्याच्या खात्यात गेले. १,८५,००० सेल्फच्या चेकने निघाले. उरलेल्या २,५०,००० ची विमा पॉलिसी! विमा माझ्या मुलाच्या जिवावर, त्याच्या आधारची झेरॉक्स आप्पांच्या कपाटात होती, आणि हप्ता भरणार ७८ वर्षांचे आजोबा, दरवर्षी अडीच लाख, दहा वर्षं. पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते, पण पॉलिसीचा कागद त्याच्याच पिशवीत, मग परत करणार कोण? कंपनीकडून खात्री करण्यासाठी फोन आला होता, त्याचं रेकॉर्डिंग मी भांडून मिळवलं. तुम्हीही मागा. पोरगी जन्मतारीख विचारते, आप्पा खणखणीत सांगतात. "दहा वर्षं दरवर्षी अडीच लाख भरायचे आहेत, मान्य आहे ना सर?" "हो हो." "काही शंका?" "नाही नाही. चहा घेऊन जा." फोनवर! आणि ती म्हणते, "धन्यवाद सर, आपला दिवस शुभ असो." हे रेकॉर्डिंग कंपनीने स्वतःच्या बचावासाठी दिलंय, हे लक्षात घ्या.

आता डायरीबद्दल, कारण ती डोक्यातून जात नाही. आप्पा रोजचा जमाखर्च लिहितात, निवृत्तीच्या आधीपासून. संक्रांतीला गेले तेव्हा डायरी टेबलावर उघडी होती, सहज चाळली. नोव्हेंबरातलं एक पान. "दूध ३२" तीनदा लिहिलेलं, एकाच दिवशी. मी दादाला फोटो पाठवला, खाली हसणारा चेहरा टाकून. त्याच पानावर खाली आप्पांच्या अक्षरात: "स्टँडजवळचं ऑफिस. फोटो, अंगठा. मिसळ दोन. पैसे त्याने दिले."

हे मी वाचलं होतं. पाठवलेल्या फोटोतही ती ओळ आहे.

पण मला सांगा, पेन्शनरच्या डायरीत नोव्हेंबर महिन्यात "फोटो, अंगठा" वाचून कुणाला खरेदीखत आठवेल? नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. सगळ्या राज्यातले पेन्शनर त्या महिन्यात कुठे ना कुठे अंगठा देत असतात. मलाही तेच वाटलं, आणि त्या माणसाला मी फोन करून "दाखल्याचं काम केलंत, बरं झालं" म्हणाले. तो म्हणाला, "त्यात काय ताई." किती थंडपणे! त्या माणसाने महिनासुद्धा विचार करून निवडला होता, असं आता वाटतं. तेव्हा एकच प्रश्न विचारायला हवा होता: हयातीचा दाखला बँकेत होतो, मग स्टँडजवळचं ऑफिस कुठलं? तिथे दुय्यम निबंधक कार्यालय आहे, खरेदीखतं नोंदवतात ते, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे.

मार्च २०२५ मध्ये शेजारच्या प्लॉटवाल्यांचा दादाला फोन आला, तुमच्या जागेवर कुंपणाचे खांब पडलेत, बांधकाम काढताय का? दादाने त्याच रात्री नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शोधलं आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा, समोर आला. खरेदीदार त्या फसवणाऱ्याचा मेहुणा. घरबसल्या होणारं काम आहे, गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकायचा. दर दोन-तीन महिन्यांनी करा, संशय असो वा नसो.

दस्ताची नक्कल काढली. पानापानावर आप्पांची सही, आणि दोन पानांवर सहीखाली लिहिलंय "मुख्याध्यापक". निवृत्त होऊन वीस वर्षं झालेला माणूस खाजगी प्लॉटच्या खरेदीखतावर हुद्दा लिहितो आणि समोर बसलेल्या कुणालाही विचारावंसं वाटत नाही की गुरुजी, आपण कशावर सही करताय? नोंदणी कायदा १९०८ चा आहे. त्याचं कलम ३५ सांगतं की दस्त करून देणारा अल्पवयीन किंवा वेडसर दिसला तर अधिकाऱ्याने नोंदणी नाकारायची. "दिसला तर". दिसायला आप्पा इस्त्रीच्या सदऱ्यात, केस विंचरलेले. त्या कार्यालयात गेले तर उत्तर काय? "मॅडम, आम्ही दस्त नोंदवतो. रद्द करायचा अधिकार आम्हाला नाही, दिवाणी कोर्टात जा." ७ लाख रोख घेतल्याचं तुम्ही तसंच कसं नोंदवलंत, म्हटलं तर साहेब मोबाइलमध्ये. आणि गंमत पुढेच आहे. स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे न मिळालेल्या ७ लाखांसाठी नोटीस आली तर ती आप्पांना. सीएने हे सांगितलं तेव्हा मी खरंच हसले.

पोलीस ठाण्यात आप्पांना घेऊन गेलो. साहेब चांगले बोलले, खुर्ची दिली. मग म्हणाले, "आजोबा, बारा सत्ते?" आप्पा ताडकन, "चौऱ्याऐंशी!" साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. "शहाणे आहेत की. सही त्यांचीच, अंगठा त्यांचाच. ही दिवाणी बाब आहे." अहो, चाळीस वर्षं पाढे शिकवलेल्या माणसाचे पाढे सगळ्यात शेवटी जातात! अडीचकीसुद्धा म्हणून दाखवतील ते, पण आज सकाळी जेवले की नाही हे विचारा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे जुनं चारशेवीस, लावायला हे लोक तयारच नव्हते. अर्ज पोलीस अधीक्षकांकडे दिल्यावर कुठे पोच मिळाली, गुन्हा अजून नोंदलेला नाही.

न्यूरोलॉजिस्टकडे आम्ही एप्रिलमध्ये गेलो. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी १६. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीने. निदान अल्झायमर्स. डॉक्टर म्हणाले, सुरुवात दोन-तीन वर्षांपूर्वीची असणार. "हे लिहून द्या" म्हटलं, तर लिहितात "असण्याची शक्यता". समोरच्या वकिलाने जबाबात तेच पकडलंय: व्यवहाराच्या तारखेला वादी सक्षम नव्हता याचा एकही कागद नाही. बरोबर आहे, नाही. वय झालं म्हणून आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलंच नव्हतं, फॅमिली डॉक्टरांनी तोंडी "बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड बघू" म्हटलं होतं, तेही चिठ्ठीवर नाही. नुसती शंका आली तरी तपासणी करा आणि तारखेचा कागद जपून ठेवा, ओपीडीची दहा रुपयांची चिठ्ठी असली तरी. फेकू नका.

आणि कागद मिळाल्यावर काय झालं ते ऐका. मी तो प्रामाणिकपणे बँकेत दिला, पुढे कुणी पैसे काढू नयेत म्हणून. बँकेने खातंच थांबवलं. ४१,३०० पेन्शन जमा होते आणि कुणालाच काढता येत नाही. चोवीस तासांच्या बाईचे २४,००० मी आणि दादा खिशातून देतोय. मॅनेजर म्हणतात, "कोर्टाने नेमलेला पालक आणा." एफडी मोडताना सही जुळली म्हणून यांनी मला साधा फोन केला नाही. आज तीच सही जुळते, तर "ते समजून सही करतात का, आम्हाला कसं कळणार?" लुटणाऱ्यासाठी आप्पा शहाणे, औषधाच्या पैशांसाठी वेडे. दोन्ही वेळा नियमाप्रमाणे!

पालक आणा म्हणणं सोपं आहे. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगतेपुरता, त्यात हा आजार नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ उपचारांसाठी प्रतिनिधी नेमू देतो, पैशांसाठी नाही. जुन्या १९८७ च्या कायद्यात मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती, नव्यात तीच काढून टाकली, कुणी विचार केला होता देव जाणे. राहता राहिलं उच्च न्यायालय, तिथे रिट करून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत. ऑगस्ट २०२५ पासून आमचा जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आला, तेवढीच सोय. वकिलांची फी ७५,००० सुरुवातीलाच दिली.

कुणीतरी सांगितलं ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे जा, कलम २३ ने दस्त रद्द होतो. गेलो. ते कलम सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेल्या मिळकतीसाठी आहे. आमचं खरेदीखत, परक्याला केलेलं, सांभाळाची अट नाही. हे पहिल्याच दिवशी खिडकीवर सांगता आलं असतं, त्याऐवजी तारखा देत राहिले. मात्र तुमचे वडील भावाला, पुतण्याला, सुनेला बक्षीसपत्र करत असतील तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात घालूनच घ्या, नंतर त्यावरच सगळं अडतं.

"आधीच कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवायचं ना" असं सांगणाऱ्यांसाठी: करार कायद्याचं कलम २०१ वाचा. लिहून देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्रही संपतं. नेमकी गरज पडते त्या दिवशी ते रद्दी. माहीत असून वापरलंत तर उद्या तुमच्यावरच बोट. त्यापेक्षा त्यांना समजतंय तोवर एफडी आणि बचत जोडनावावर करा, "दोघांपैकी कुणीही" असं लिहून. "पहिला किंवा हयात असलेला" नको, त्यात तुम्हाला ते असेपर्यंत हात लावता येत नाही. नॉमिनी म्हणजे सहीचा अधिकार नव्हे, हेही अनेकांना माहीत नसतं. पेन्शनच्या खात्यात मुलांचं नाव सहसा घालत नाहीत, म्हणून तिथे मोठी रक्कम साठू देऊ नका. आणि हे करताना भावंडांना सांगून करा, नाहीतर उद्या तुम्हीच तो माणूस ठराल.

दस्त रद्द करायचा दावा आम्ही लावलाय, आप्पांच्या वतीने दादा वादमित्र, म्हणजे त्यांच्यासाठी दावा चालवणारा. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, "बघू, तडजोड होईल" करत ती घालवू नका. तो मेहुण्याकरवी ४ लाखांत मिटवा म्हणून निरोप पाठवतोच आहे. वादमित्र नेमण्याआधी आप्पा खरोखर असमर्थ आहेत का याची कोर्ट स्वतः चौकशी करतं. त्या दिवशी आप्पांनी न्यायाधीशांना "बसा" म्हटलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. मला रडू आलं, समोरचा वकील खाली बघत होता. पण तिथे निदान कुणीतरी माझ्या बापाला पाढे सोडून दुसरं काही विचारलं. दाव्याची नोटीसही आम्ही नोंदवून ठेवलीय, मेहुण्याने जागा पुढे विकू नये म्हणून. पेपरात जाहीर नोटीस दिली, तिचे ६,८००. पॉलिसीची तक्रार पुण्याच्या विमा लोकपालांकडे आहे, बँकेची रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. बँकेला आधी लेखी तक्रार देऊन ३० दिवस थांबावं लागतं, तोंडी बोललेलं कुणी धरत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा नंबर आहे, तिथली मुलगी निदान पूर्ण ऐकून घेते.

यंदाच्या नोव्हेंबरात तो पुन्हा बँकेच्या दारात होता. दोन आजींचे हयातीचे फॉर्म भरून देत होता, एकीची पिशवी त्याच्या खांद्याला. मी आत जाऊन मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्यावर काही सिद्ध झालंय का? लोकांना मदत होते हो त्याची." मी बाहेर येऊन त्या दोघींना त्यांच्या मुलांचे फोन नंबर विचारले. एकीने दिला. दुसरीला आठवेना, तर तो म्हणाला, "माझ्याकडे आहे ताई, मी सांगतो त्यांना."