सागाचं 'बीजोद्यानातलं' बी आणि 'क्लोन' रोपं: आम्हाला कसं गंडवलं

सागाचं बी आणि रोपं पुरवणाऱ्या एका विक्रेत्याने आमच्या गटाला व्यवस्थित शेंडी लावली. त्याने दाखवलेल्या कागदांपैकी एकही बनावट नव्हता, म्हणून हे सविस्तर लिहितोय. खोटे शिक्के आणि खोट्या सह्या लोक आता ओळखतात. इथे खरा कागद भलत्याच गोष्टीचा पुरावा म्हणून पुढे केला गेला, आणि झाडांच्या बियाण्यात हीच चाल सर्वांत जास्त चालते असं माझं मत झालंय.

उजाड जमिनीवर मिश्र लागवड करायची होती आणि त्यात सागाचा वाटा मोठा होता. एका पट्ट्यासाठी बी घेतलं, म्हणजे गादीवाफ्यावर रोपं वाढवून त्यांच्या जड्या, म्हणजे शेंडा आणि बारीक मुळं छाटलेले बुंधे, लावता येतील. दुसऱ्या पट्ट्यासाठी तयार रोपं घेतली. बी 'बीजोद्यानातलं, चाचणी झालेलं' आणि रोपं 'निवडक झाडाचे क्लोन' असं सांगून आम्हाला विकलं. दोन्हींचा दर साध्या मालापेक्षा बराच चढा होता आणि तो चढा भाग फक्त वंशावळीसाठी होता. तीच आम्हाला मिळाली नाही.

बीजोद्यान म्हणजे काय हे आधी सांगतो, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. जंगलात किंवा जुन्या लागवडीत सरळ खोडाची, उंच, निरोगी झाडं हुडकतात. त्यांना प्लस ट्री म्हणतात. त्यांची कलमं करून ती एका जागी लावतात आणि आसपासच्या सामान्य झाडांचे पराग येऊ नयेत इतकी ती जागा अलग ठेवतात. मग त्या प्रत्येक झाडाची पिल्लावळ वेगळी वाढवून बघतात. ज्याची पिल्लावळ सुमार निघते ते झाड, स्वतः कितीही देखणं असलं तरी, उद्यानातून काढून टाकतात. ही शेवटची पायरी वर्षानुवर्षांची असते आणि 'चाचणी झालेलं' हे विशेषण तिच्यामुळेच मिळतं.

सागाची एक खोड आहे. त्याचा फुलोरा शेंड्यावरच येतो, आणि एकदा शेंडा फुलला की मुख्य खोडाला तिथेच फाटे फुटतात, वाढ बाजूच्या फांद्यांकडे जाते. म्हणून ज्याला लांब, सरळ खोड हवं तो उशिरा फुलणारी झाडं निवडतो. उशिरा फुलणाऱ्या झाडांच्या उद्यानात बी कमी धरणार हे ओघानेच आलं. शिवाय सगळी झाडं एका वेळी फुलत नाहीत, आणि सागाला परागासाठी कीटकांवर आणि दुसऱ्या झाडावर अवलंबून राहावं लागतं. थोडक्यात, सागाच्या बीजोद्यानाचं बी कायम तुटवड्यात असतं. आमच्या विक्रेत्याकडे मात्र ते हवं तेवढं होतं. 'किती पाहिजे ते सांगा, बाकी माझ्यावर सोडा,' हे त्याचं पालुपद. आता कोणी सागाच्या उद्यानातल्या बियाण्याबद्दल असं बोललं, तर मी पुढचं ऐकतसुद्धा नाही.

त्याने दाखवलेला कागद होता आंतरराष्ट्रीय बीजपरीक्षण संघटनेच्या, म्हणजे इस्टाच्या, नमुन्याचा. निळं प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं, अगदी अस्सल. इस्टाची प्रमाणपत्रं दोन रंगांची असतात. नारिंगी असेल तर नमुना अधिकृत माणसाने प्रत्यक्ष लॉटमधून, म्हणजे एकत्र नोंदलेल्या बियाण्याच्या खेपेतून, काढलेला असतो आणि निकाल त्या सीलबंद लॉटला लागू होतो. निळं असेल तर प्रयोगशाळेकडे जो नमुना आला तेवढ्यापुरताच निकाल असतो. तो कुठून काढला याची जबाबदारी प्रयोगशाळा घेत नाही. म्हणजे विक्रेत्याने मूठभर वेचलेलं बी पाठवलं आणि पोती दुसऱ्याच बियाण्याने भरली, तरी कागद खराच राहतो.

याहून मोठी मेख रंगात होती. वनवृक्षांच्या बियाण्याला वेगळीच प्रतवारी आहे. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या योजनेत आणि युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात तिचे चार वर्ग आहेत: फक्त उगम माहीत असलेलं, निवडलेल्या वृक्षसमूहातलं, उद्यानातलं किंवा तत्सम पालकांचं, आणि चाचणीने सिद्ध झालेलं. रंगीत लेबल लावायचं तर ती अनुक्रमे पिवळी, हिरवी, गुलाबी आणि निळी. म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाचा रंग निळा. विक्रेत्याने आधी या चार रंगांचा तक्ता उलगडून दाखवला, 'निळं म्हणजे टेस्टेड' हे ठसवलं, आणि मग इस्टाचा निळा कागद समोर ठेवला. दोन निळ्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक वंशाबद्दल बोलतो, दुसरा नमुन्यातल्या किती बिया उगवल्या एवढंच सांगतो. हे त्याच्याकडून अनवधानाने झालं असं मी मानायला तयार नाही, कारण तक्ता आणि कागद याच क्रमाने त्याने आणखी गिऱ्हाइकांनाही दाखवल्याचं पुढे कळलं.

बी वाफ्यावर पडलं आणि उगवण अगदीच विरळ झाली. इथे सागाचा स्वभाव विक्रेत्याच्या कामी आला. सागाचं फळ म्हणजे टणक कवच, आत चार कप्पे आणि त्यांतले बरेच रिकामे. उगवण रेंगाळत होते, आळीपाळीने भिजवून-वाळवूनही काही बिया पुढल्या मोसमापर्यंत तशाच पडून राहतात. ताज्या फळांपेक्षा थोडी मुरलेली फळं पुष्कळदा बरी उगवतात हेही खरं. म्हणून 'धीर धरा, सागाचं असंच असतं' या त्याच्या उत्तराला लगेच खोटं म्हणता येत नव्हतं. शेवटी शिल्लक पोत्यातली फळं आम्ही करवतीने आडवी कापली. जिवंत बी पांढरं, घट्ट, कप्पा भरून असतं. आमच्याकडच्या बहुतेक कप्प्यांत एक तर काही नव्हतं किंवा तपकिरी, सुकलेला चोथा होता. सुप्त बी आणि मेलेलं बी यांत फरक असतो, आणि तो पाहायला सूक्ष्मदर्शकही लागत नाही.

जे उगवलं त्याची गोष्ट आणखी वाईट. उगवण कमी असली तर पैसा आणि एक मोसम जातो, पण ते निदान दिसतं. चुकीच्या वंशाचं रोप मात्र हिरवंगार, टवटवीत वाढतं आणि आपण त्याला वर्षानुवर्षं पाणी घालतो. आमच्या पट्ट्यातली बरीच झाडं अजून पोरवयात असतानाच शेंड्याला फुलली आणि कमरेएवढ्या उंचीच्या थोडं वर दुभंगली. खोडाचा उपयोगी भाग तिथेच संपला. पुढे बी गोळा करणाऱ्या एका माणसाकडून खरा प्रकार समजला. तो माल मोकळ्या जागी वाढलेल्या, बुटक्या, भरपूर फांद्यांच्या मोजक्याच झाडांखाली झाडून गोळा केलेला होता. संकलकाच्या दृष्टीने ते अगदी सोयीचं: चढायला नको, लवकर फुलणारं झाड फळांनी लगडलेलं, पोतं झटपट भरतं. वजनावर मजुरी असली की नको तीच झाडं आपोआप निवडली जातात. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. उद्यानाचं लेबल नंतर वरच्या हाताने चिकटवलं.

आता क्लोनचं. विक्रेत्याने मातृवृक्षाचा फोटो दिला होता, बुंध्याला कवेत घ्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासकट. असे फोटो पाहिले की मला हल्ली हसू येतं. एकटं झाड थोराड असण्यात माती, पाणी, वय, मोकळी जागा या सगळ्यांचा हात असतो. आणि त्याच्या बियांपासून केलेली रोपं क्लोन नसतातच, त्यांचा बाप कोण हेही ठाऊक नसतं. क्लोन म्हणजे त्या झाडाच्याच तुकड्यापासून, छाटकलमाने किंवा टिश्यू कल्चरने केलेलं रोप.

रोपं ओळखली आमच्या रोपवाटिकेतल्या एका बाईंनी. पिशवी फाडून त्यांनी बुडाशी बोट ठेवलं: खोडावर समोरासमोर दोन व्रण होते, बीजपत्रं गळून पडल्याचे. छाटकलमाला किंवा टिश्यू कल्चरच्या रोपाला बीजपत्रं कुठून येणार? खाली बघितलं तर मधोमध एकच जाड सोटमूळ. छाटकलमाची मुळं कापलेल्या टोकाशी गाठीतून फुटतात आणि अनेक असतात. एकाच झाडाची म्हणवणारी ही रोपं पानांच्या आकारात, लवीत आणि उंचीतही एकमेकांशी जुळत नव्हती. ती सगळी बियांची रोपं होती.

विक्रेत्याने हे उडवून लावलं. तेव्हा आम्ही काही रोपांची पानं सिलिका जेलमध्ये वाळवून डीएनए तपासणीला दिली. या तपासणीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. झाड चांगलं निघेल का, हे ती सांगत नाही. पण एकाच क्लोनच्या रोपांचे मायक्रोसॅटेलाइट खुणांचे (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांचे) नमुने तंतोतंत सारखे यायला हवेत, आणि आमचे आले नाहीत. एवढ्या मर्यादित प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळतं.

अहवाल घेऊन गेलो तर उत्तर आलं, 'जिवंत वस्तू आहे, हमी कोण देणार?' पावतीवर लिहिलेलं होतं फक्त 'साग बियाणे' आणि 'साग रोपे'. उद्यान, चाचणी, क्लोन हे शब्द त्याच्या तोंडात, तक्त्यात आणि फोटोखाली होते. बिलावर कुठेच नव्हते. रोपांचे थोडे पैसे त्याने परत केले, तेही अहवाल इतरांना दाखवू नका या अटीवर. अट आम्ही मान्य केली नाही, म्हणून उरलेले पैसे बुडाले ते बुडालेच.

काहींना वाटेल, झाडं तर लागली ना, मग एवढा गहजब कशाला. त्यांनी फ्रान्सच्या लांद प्रदेशाचं उदाहरण पाहावं. तिथे १९४० च्या दशकातल्या भीषण वणव्यांनंतर मॅरिटाइम पाइनची मोठी पुनर्लागवड झाली आणि तिच्यात पोर्तुगालकडचं बी मोठ्या प्रमाणावर शिरलं. झाडं जोमाने वाढली, कोणाला काही खटकलं नाही. जानेवारी १९८५ मध्ये कडाक्याची थंडी पडली आणि सुमारे ३०,००० हेक्टरवरची झाडं मेली. स्थानिक वंशाची मोठ्या प्रमाणात तगली. त्यानंतर राळेतल्या टर्पिनांचं, म्हणजे तिला वास देणाऱ्या रसायनांचं, प्रमाण तपासून कुठली झाडं कुठल्या मुळाची हे ठरवावं लागलं. चुकीच्या बियाण्याचा हिशेब चुकता व्हायला इतकी वर्षं लागू शकतात, आणि तोवर पावती कोणाकडे असते?

थोड्याच झाडांचं बी घेण्याचा परिणाम मलेशियातल्या साबामध्ये दिसला. १९६६ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियाहून अकेशिया मॅन्जियम हे झपाट्याने वाढणारं झाड आलं ते अगदी मोजक्या झाडांच्या बियांतून. त्याच लागवडीचं बी पुढच्या लागवडींना वापरत गेले तशी नात्यातल्या नात्यात पैदास होऊन वाढ घसरत गेली. पुढे नैसर्गिक जंगलांतल्या निरनिराळ्या ठिकाणचं बी आणून तुलना केली, तेव्हा पापुआ न्यू गिनीकडचं बी कितीतरी सरस ठरलं.

आता आम्ही खरेदीआधी विक्रेत्याला जे विचारतो त्यात उगवणीचा आकडा सगळ्यात शेवटी येतो. आधी लॉट क्रमांक, संकलनाचं वर्ष, नेमकी जागा, समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि किती मातृवृक्षांखालचं बी आहे हे विचारतो. साधारण पंचवीस-तीस झाडं, तीही एकमेकांपासून बरीच लांबची, असावीत हा वनवृक्षांच्या बीजसंकलनातला रुळलेला दंडक आहे. 'दोन-तीन जबरदस्त झाडं आहेत' हे उत्तर आलं की तो बढाई मारत असला तरी आमच्या दृष्टीने ती उणीवच. उद्यानाचं नाव सांगितलं तर थेट उद्यान चालवणाऱ्यांना विचारतो की त्या वर्षी एकूण किती किलो बी निघालं आणि यांना किती दिलं. एकच प्रमाणपत्र कित्येक पोत्यांवर फिरवायची चलाखी या एका प्रश्नात उघडी पडते.

नमुना दोघांच्या समोर काढतो, वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून-मधून-तळातून. त्याचे भाग करून दोघांच्या सह्यांनी सील करतो आणि एक भाग आमच्याकडे ठेवतो. जर्मनीत मातृवृक्ष, बी आणि रोपवाटिकेतली रोपं अशा प्रत्येक टप्प्यावर नमुने राखून पुढे डीएनएने ताडून पाहण्याची पद्धत आहे. आमचं हे तिचंच गरीब रूप. क्लोन रोपं असतील तर गाडी उतरवण्याआधी हाताला येतील ती काही रोपं पिशवीतून काढून बुडखा आणि मुळं बघतो. याला जो विक्रेता 'रोपं मरतील' म्हणून हरकत घेतो, त्याची गाडी परत जाते.

आणि विक्रेता तोंडाने जे बोलतो ते बिलावर उतरवून घेतो: जाती-उगमासकट, वर्गासकट, लॉट क्रमांकासकट. बरेच जण या टप्प्यावर दर खाली आणतात आणि 'तेवढं लिहायचं राहू द्या' म्हणतात. तेव्हा आम्ही साध्या बियाण्याचा दर देऊ करतो. बियांत जीव असेल तर तो माल तेवढ्यात घ्यायलाही हरकत नाही, फक्त लागवडीच्या नोंदवहीत 'उगम अज्ञात' असं लिहून ठेवतो आणि त्या पट्ट्यातलं बी पुढे कधीच धरत नाही.