फिनिक्स की टूसॉन? ॲरिझोनात घर करण्याआधी

"मावशी, दोन तासांचं तर अंतर आहे. मग एवढा काय फरक पडणार?" गेल्या महिन्यात भाचीने फोनवर विचारलं. तिच्या नवऱ्याला फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आणि तिला टूसॉनच्या विद्यापीठात, असं दोघांना दोन दिशांनी बोलावणं आलंय. रोज जाऊन-येऊन करता येईल असं हे अंतर नाही. आय-१० या महामार्गाने एका बाजूने सव्वाशे मैलांच्या आतच भरतं खरं, पण तो रस्ता रोज तुडवायचा म्हणजे घरात फक्त झोपायला यायचं. एक गाव निवडावंच लागेल.

मी दोन्हीकडे राहिले आहे. आधी सहा वर्षं चँडलरला, म्हणजे फिनिक्सच्या पट्ट्यात, आणि आता अकरा वर्षं टूसॉनला. (स्पेलिंगमधला 'सी' मुका आहे. "टक्सन" म्हणालात तर इथली माणसं हसत नाहीत, पण तुम्ही नवे आहात हे ओळखतात.) पगार, घरभाडं, शाळांचे क्रमांक यांचे तक्ते कुठेही मिळतात, ते मी तिला सांगत बसले नाही. मी वेगळ्याच तीन गोष्टी सांगितल्या: गावात काय चाललंय ते तुला कोण सांगणार, त्यावर तुला तोंड उघडायला जागा मिळणार का, आणि शनिवारी संध्याकाळी तू जाणार कुठे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपली माणसं पंधरा-पंधरा वर्षं अडकतात आणि तेवढा काळ मत देता येत नाही. मग गाव आपलं वाटायला या तीनच वाटा उरतात, असं मला मनापासून वाटतं.

आधी आकार समजून घ्या. फिनिक्स शहराची वस्ती सोळा लाखांवर, अमेरिकेत पाचव्या क्रमांकाची. मेसा, टेंपी, चँडलर, स्कॉट्सडेल ही शेजारची गावं धरली तर सगळं मिळून पन्नास लाखांच्या घरात. टूसॉन शहर साडेपाच लाखांच्या आसपास, परिसरासह दहा लाख. पण आपले लोक "फिनिक्सला राहतो" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते फिनिक्समध्ये राहतच नसतात. चँडलर, गिल्बर्ट, पिओरिया यांची नगर परिषद वेगळी, महापौर वेगळा. मी चँडलरला असताना फिनिक्सच्या महापौराचं नाव मला ठाऊक होतं आणि माझ्या स्वतःच्या गावच्या महापौराचं नव्हतं. कारण सरळ आहे: बातमीपत्रं फिनिक्सची, घर मात्र दुसरीकडे.

बातम्यांचा धंदा फिनिक्सला कितीतरी मोठा आहे, यात वाद नाही. 'ॲरिझोना रिपब्लिक' १८९० पासून चालू आहे. राज्याचं विधिमंडळ तिथे, राज्यपाल तिथे, त्यामुळे पत्रकारांची फौजही तिथे. टीव्हीवरचे गाजलेले वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्या नावाची पत्रकारितेची शाळा फिनिक्सच्या मध्यवस्तीत आहे आणि तिचे विद्यार्थी खरोखरीच्या बातम्या देतात. 'केजेझेझेड' हे सार्वजनिक रेडिओ केंद्र गाडीत लावून ठेवलं तर महिन्याभरात राज्याचं राजकारण समजायला लागतं. या शहरात पत्रकारितेने किंमतही मोजली आहे. १९७६ च्या जूनमध्ये 'रिपब्लिक'चे बातमीदार डॉन बोल्स यांच्या गाडीखाली बॉम्ब लावला गेला, त्यात ते गेले. त्यानंतर देशभरातले पत्रकार ॲरिझोनात जमले आणि भ्रष्टाचाराचा शोध त्यांनी एकत्र मिळून पुढे नेला. १९७० साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या 'फिनिक्स न्यू टाइम्स' या फुकट साप्ताहिकाच्या दोन संस्थापकांना २००७ मध्ये काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, पोलिसप्रमुख (शेरीफ) जो अर्पायो यांच्या माणसांनी रात्री घरून उचललं. पुढे त्या अटकेपायी काउंटीला पावणेचार मिलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. हे कळल्यावर मी ते साप्ताहिक रेस्टॉरंटच्या यादीपुरतं चाळणं बंद केलं आणि पहिल्या पानापासून वाचू लागले.

टूसॉनची गोष्ट दुखरी आहे. राज्यातलं सगळ्यात जुनं दैनिक, १८७० चं 'टूसॉन सिटिझन', मे २००९ मध्ये बंद पडलं. १८७७ पासूनचं 'ॲरिझोना डेली स्टार' अजून निघतं, पण मालकी बाहेरच्या साखळीची, आणि अंक हातात घेतला की वजनावरूनच काय झालंय ते कळतं. १९८४ पासूनचं 'टूसॉन वीकली' हे गावातल्या राजकारणाचं, गाण्याबजावण्याचं साप्ताहिक. त्यात आणि 'न्यू टाइम्स'मध्ये भावंडांसारखं साम्य आहे. मात्र 'सिटिझन' गेल्यानंतर टूसॉनला काहीतरी नवं उगवलंय: 'टूसॉन सेंटिनेल' आणि 'ॲरिझोना ल्युमिनारिया' या ना-नफा तत्त्वावरच्या बातमी संस्था. दोन्ही फुकट वाचता येतात आणि वाचकांच्या देणग्या मागतात. मी दरमहा थोडे पैसे देते आणि ते मला वाणसामानाइतकेच गरजेचे वाटतात. त्याचं कारण २०२५ च्या उन्हाळ्यात मिळालं.

'प्रोजेक्ट ब्लू' नावाचं एक प्रचंड डेटा सेंटर (संगणकांचं कोठार, ते थंड ठेवायला पाणी लागतं) टूसॉनच्या कडेला, काउंटीच्या २९० एकर जमिनीवर आणायचं घाटत होतं. जूनमध्ये काउंटीच्या मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी जमिनीचा मार्ग मोकळा केला. पुढे जमीन शहराच्या हद्दीत घेऊन तिला शहराचं पाणी द्यायचं, अशी योजना. यामागे कोण आहे हे कुणी सांगेना, गुप्ततेचे करार झालेले. शेवटी 'ल्युमिनारिया'ने काउंटीचंच जुनं टिपण मिळवून छापलं की पाठीमागे ॲमेझॉनची क्लाउड कंपनी आहे. वाळवंटातल्या गावात पाण्याचा प्रश्न म्हणजे घशाचाच प्रश्न. जाहीर सभांना माणसं भिंतीला टेकून उभी होती. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या हातात गेल्या चार वर्षांची पाण्याची बिलं, रबरबँड लावलेली. काटकसर आम्ही करायची आणि पाणी कुणाला जायचं, एवढंच ते विचारत होते. मला मत नाही, तरी मीही नाव नोंदवून बोलले. ६ ऑगस्टला महापौर आणि सहाही सदस्यांनी, सातच्या सात मतांनी, जमीन शहरात घ्यायला नकार दिला. प्रकल्प तेवढ्याने संपला नाही, तो उभारणाऱ्या कंपनीने शहराच्या पाण्याविना काउंटीच्याच हद्दीत पुढे जायचं ठरवलं, आणि भांडण चालूच राहिलं. पण मत नसलेल्या बाईचं म्हणणं इतिवृत्तात गेलं, हे मला चँडलरच्या सहा वर्षांत सुचलंसुद्धा नव्हतं.

निवडणुकीची रीतही निराळी आहे. फिनिक्समध्ये आठ प्रभाग, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही, आणि २०१९ पासून केट गायेगो महापौर. टूसॉनला सहा वॉर्ड, पक्षाचं नाव लिहिलेलं, आणि एक गंमतशीर पद्धत: प्राथमिक फेरीत उमेदवार आपल्या वॉर्डातून निवडायचा, पण अंतिम फेरीत सगळ्या शहराने मत द्यायचं. म्हणजे तुमच्या वॉर्डाचा माणूस शेवटी दुसऱ्या वॉर्डांच्या मतांवरही निवडून येतो. यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, पण पद्धत टिकली. २०१९ मध्ये रेजिना रोमेरो निवडून आल्या, या पदावरची पहिली स्त्री. देशाचं लक्ष मात्र फिनिक्सकडेच असतं. २०२० ची अध्यक्षीय निवडणूक ॲरिझोनात १०,४५७ मतांनी फिरली आणि पुढच्या वर्षी, फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीच्या मतपत्रिका फिनिक्सच्या एका जुन्या स्टेडियममध्ये पुन्हा हाताने मोजल्या गेल्या. राजकारणाचा थरार हवा असेल तर फिनिक्स. कोपऱ्यावरचा दिवा का बंद आहे हे विचारून उत्तर हवं असेल तर टूसॉन. दिव्यांवरूनही एक सांगायला हवं: टूसॉनने १९७२ मध्येच दिव्यांचा नियम केला, कारण जवळच किट पीकची वेधशाळा. त्यामुळे इथे रस्ते अंधारे वाटतात. नव्या माणसाला आधी भीती वाटते, मग एके दिवशी अंगणातून आकाशगंगेचा पट्टा दिसतो.

एक धोक्याची सूचना: टूसॉनच्या उत्तरेकडच्या डोंगरउताराची छान घरं बहुतांशी शहराच्या हद्दीबाहेर, नुसत्या काउंटीत आहेत. तिथे घर घेतलंत तर वॉर्ड नाही, शहराच्या निवडणुकीत मतही नाही. पत्ता टूसॉनचा आहे म्हणून फसू नका.

आता कला आणि करमणूक. इथे मी फिनिक्सला कमी लेखणार नाही. २०१० साली उघडलेलं वाद्यांचं संग्रहालय एकट्यानेच तिकडे खेचून घेईल असं आहे. जगातल्या दोनशेच्या आसपास देशांची वाद्यं, कानाला हेडफोन, आणि तुम्ही ज्या दालनापुढे उभे राहाल तिथलं संगीत आपोआप ऐकू येतं. माझी आई आली होती तेव्हा भारताच्या दालनापुढून तिला हलवताना नाकी नऊ आले. १९२९ पासूनचं हर्ड म्युझियम आदिवासी समाजांच्या कलेसाठी. फेब्रुवारीत तिथे होणारी हूप डान्सची (कड्या घेऊन करायच्या नाचाची) स्पर्धा मुलांना दाखवाच. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी रूझवेल्ट रो भागातली कलादालनं रात्री उघडी असतात. टेंपीच्या गॅमेज सभागृहात न्यूयॉर्कची मोठी नाटकं येतात. आपल्या गायकांचे, नाटकांचे अमेरिका दौरे निघतात तेव्हा ॲरिझोनातला मुक्काम बहुधा फिनिक्सकडेच असतो, आणि आम्ही टूसॉनवाले गाड्या काढून तिकडे जातो. दिवाळी, गणपती, मुलांना शिवजयंतीच्या नाटकात उभं करायचं, यासाठी तिकडची मराठी मंडळी संख्येनेच एवढी आहेत की तुलना होत नाही. ज्यांना मुलांच्या कानावर रोज मराठी पडायला हवं त्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

टूसॉनची करमणूक तिकिटाची कमी आणि रस्त्यावरची जास्त. ऑक्टोबरात 'टूसॉन मीट युअरसेल्फ', १९७४ पासून: गावातले सगळे समाज आपापलं नाचगाणं आणि खाणं घेऊन मध्यवस्तीत येतात. मार्चमध्ये विद्यापीठाच्या आवारात दोन दिवस पुस्तकांचा उत्सव, प्रवेश फुकट. २०१५ मध्ये युनेस्कोने अमेरिकेतलं पहिलं 'खाद्यसंस्कृतीचं शहर' म्हणून या गावाला मान दिला, ते इथल्या हजारो वर्षांच्या शेतीमुळे आणि पिकांमुळे. नोव्हेंबरात 'ऑल सोल्स' मिरवणूक. १९९० मध्ये एका स्थानिक कलावतीने आपल्या वडिलांच्या शोकातून ती सुरू केली. आता हजारो लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो छातीशी धरून, तोंडं रंगवून चालतात. पुढे एक भलामोठा कलश ओढत नेतात, त्यात लोक चिठ्ठ्या टाकतात आणि शेवटी तो पेटवतात. बाबा गेले त्या वर्षी मला भारतात पोचता आलं नाही. मी त्यांचं नाव देवनागरीत लिहून त्या कलशात टाकलं. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईने न विचारता माझा हात धरला होता.

आणि फेब्रुवारीतला दगडांचा बाजार. १९५५ मध्ये सुरू झालेलं खनिजांचं प्रदर्शन आता गावभर पसरलंय. मोटेलांच्या खोल्यांतून पलंग हलवून तिथे टेबलं मांडतात, आणि जगभरचे व्यापारी दारात खुर्ची टाकून बसतात. अशाच एका खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात पांढऱ्या स्फटिकांवर गडद निळे, बोराएवढे गोळे दिसले. खालच्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं: कॅव्हन्साइट, वाघोली, पुणे. मी ज्या वाघोलीच्या खाणींवरून एसटीने हजारदा गेले होते, तिथली खडी तेवढी मला माहीत होती. दख्खनच्या बेसॉल्टमधली ही खनिजं इथे काचेच्या कपाटात ठेवतात.

उन्हाबद्दल थोडक्यात, कारण ते टाळता येत नाही. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस, किंवा त्याच्याही वर गेला, आणि सलग सोळा रात्री तो ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सियसच्या, खाली उतरला नाही. चंद्रपूरची माणसं म्हणतील यात काय नवीन, पण इथे रात्रही उतरत नाही. त्या एका वर्षात मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली. टूसॉन उंचावर आहे, साधारण २,४०० फूट, म्हणून काही अंशांनी बरं, आणि पाऊसही फिनिक्सपेक्षा जास्त. उन्हाळी पावसाला इथे मान्सूनच म्हणतात. दोन्हीकडे घड्याळ वर्षभर बदलत नाही. भारताशी फरक कायम साडेबारा तासांचा, त्यामुळे आईला फोन करताना हिशोब चुकत नाही.

भाचीला मी शेवटी असं सांगितलं. नवऱ्याची नोकरी चिपची असेल तर दहा वर्षांत ती बदलायची वेळ आली तरी फिनिक्सच्या पट्ट्यात दुसरी मिळेल. टूसॉनला मोठे मालक मोजके, आणि त्यातल्या संरक्षण क्षेत्रातल्या नोकऱ्यांना बहुतेक वेळा अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. दोघांची कमाई महत्त्वाची असेल, मुलं लहान असतील, तर चँडलर. मग मात्र पहिल्याच महिन्यात चँडलरच्या नगर परिषदेच्या बैठकीला जाऊन बसायचं, माझ्यासारखी सहा वर्षं घालवायची नाहीत. तिची विद्यापीठातली जागा कायमची होण्यासारखी असेल आणि नवऱ्याला घरून काम करता येत असेल, तर मी टूसॉनच म्हणेन, आणि शहराच्या हद्दीतच.

ठरवण्याआधी महिनाभर रोज 'सेंटिनेल', 'ल्युमिनारिया' आणि 'न्यू टाइम्स' वाच, कुठल्या गावच्या भांडणात जीव गुंततो ते बघ. आणि घर बघायला फेब्रुवारीत येऊ नकोस. तेव्हा दोन्ही गावं सुंदर दिसतात. जुलैत ये, दुपारी चार वाजता, आणि बसथांब्यावर दहा मिनिटं उभी राहा. टूसॉनची बस आली तर खुशाल चढ. २०२० मध्ये बंद केलेलं भाडं शहराने २०२५ मध्येही घेतलं नव्हतं.