‘सॅनिटाइझ केलेले’ म्हणून विकलेले केग

तुर्भे एमआयडीसीतील एका गाळ्यातून मी कोंबुचासाठी (आंबवलेल्या चहासाठी) दोन जुने केग, म्हणजे दाब सहन करणाऱ्या स्टीलच्या टाक्या, घेतले आणि त्यात माझी उघड फसवणूक झाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. मात्र कोंबुचा किंवा आल्याच्या सोड्यासाठी हेच 19 लिटरचे स्टीलचे केग ठाणे-नवी मुंबईत अनेकजण शोधत असतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हे केग मुळात शीतपेयांच्या सिरपसाठी बनवलेले असतात. विक्रेत्याने 304 स्टील (खाद्यपेयांसाठी वापरतात ते), नव्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आणि आतून सॅनिटाइझ केल्याची हमी दिली. चुंबक चिकटत नाही हा त्याने पुरावा म्हणून दाखवला. पण निकेल कमी असलेले स्वस्त 202 स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. मग एका केगच्या झाकणावरील सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून त्याने गॅस सुटल्याचा आवाज ऐकवला. दोन्ही केग प्लास्टिकमध्ये गुंडाळून सीलबंद केलेले होते, आणि वेष्टन फाडल्यास माल परत घेतला जाणार नाही ही अट 14,000 रुपये यूपीआयने घेऊन झाल्यावर पावतीवर लिहिली गेली.

घरी पान्याने केगचे पोस्ट (गॅसची व पेयाची नळी जोडायचे तोंड) उघडले, तेव्हा आत तपकिरी सिरप वाळून खडा झालेला होता. ओ-रिंग कागदावर घासली तर काळी रेघ उमटली आणि जराशी ताणताच तिला भेगा पडल्या. टॉर्चच्या उजेडात तळाशी सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले. ब्लीचसारख्या क्लोरिनयुक्त द्रावणाने स्टीलला असे खड्डे पडतात, त्यांत जंतू दडून राहतात, आणि बाहेरून कितीही बफिंग केले तरी ते जात नाहीत. सर्वांत संतापजनक म्हणजे, ज्या केगचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याने ओढून दाखवलाच नव्हता, त्याचा व्हॉल्व्ह एपॉक्सीने बुजवलेला होता. दाब वाढला असता तर त्याला वाट कुठून मिळाली असती?

जंतुनाशक घाणीच्या थराखाली पोचत नाही. आधी सगळे भाग सुटे करून गरम पाणी व सोडियम पर्कार्बोनेटने धुवावे लागतात, फूड-ग्रेड ओ-रिंग बसवाव्या लागतात, आणि मगच पेरॅसिटिक किंवा फॉस्फोरिक आम्लावर आधारित सॅनिटायझर केगच्या आतल्या नळीतूनही फिरवावे लागते. पोस्ट न उघडता ‘सॅनिटाइझ केले’ असे म्हणणारा खोटे बोलतो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला तुमच्यासमोर पान्याने दोन्ही पोस्ट उघडायला सांगा, प्रत्येक केगचा व्हॉल्व्ह स्वतः ओढून पाहा, तळाशी टॉर्च मारा. तो वेष्टनाचे कारण सांगू लागला, तर व्यवहार करू नका.

मी फोन केला तेव्हा ‘तुम्ही सील तोडलंत’ एवढेच उत्तर मिळाले आणि नंतर माझा नंबर ब्लॉक झाला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून पावती, फोटो आणि यूपीआयची नोंद जोडून ठाण्याच्या आयोगाकडेही मी अर्ज दिला आहे.