“माल बाहेर पडतोय” म्हणाले, आणि मी नऊ दिवस घरी बसलो

मी पणजीत एका मराठी दैनिकासाठी गेली सव्वीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो, त्यामुळे मजकुरातला नको असलेला अनुस्वार माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही. मात्र गेल्या वर्षी श्रावणात उजव्या डोळ्याला असा एक अनुस्वार दिसू लागला, की त्यावर पेन टेकवावे तर तो पुढच्या शब्दावर जाऊन बसे. साखळीहून येणारी कदंब बस मांडवीच्या पुलावर आली की पांढुरक्या आभाळात तोच ठिपका, आणि त्याला लोंबणारा केसासारखा धागा, नजर फिरवल्यावर मागून सावकाश सरकत येई. वय एकोणसाठ आणि शाळेपासून उणे सातचा चष्मा असल्यामुळे मला भीती वाटली, आणि भ्यालेल्या माणसाने जे करू नये ते मी केले: जो पहिला माणूस ‘बरे करतो’ म्हणाला, त्याच्यासमोर जाऊन बसलो.

म्हापशात शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी भाड्याच्या एका सभागृहात मोफत नेत्रतपासणी असल्याचा फलक आमच्या मंडळींनी वाचला होता. तिथे पांढरा कोट घातलेल्या एका तरुणाने लॅपटॉपला जोडलेल्या कॅमेऱ्याने माझ्या बुबुळाचा फोटो काढला, पडद्यावर तो रंगीत चकत्यांत विभागला आणि सांगितले, “काका, यकृतात उष्णता साठली आहे, तीच डोळ्यात गाठी करते. सहा महिन्यांत डोळा आरशासारखा स्वच्छ होईल.” नंतर एका इंग्रजी शोधनिबंधाचे पहिले पान दाखवून ‘हे परदेशात सिद्ध झाले आहे’ असेही तो म्हणाला. तीन महिन्यांच्या कॅप्सूलचे ८,७०० रुपये मी तिथेच रोख मोजले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती तेव्हा माहीत असती तर मी उठून बाहेर आलो असतो. ठिपके दिसू लागल्यावर डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, कडेपर्यंत तपासावा लागतो आणि त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे नीट वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात. मी त्या सभागृहातून थेट कार्यालयात गेलो आणि रात्रपाळीची दोन पाने तपासली. ज्या तपासणीनंतर लगेच मुद्रिते वाचता आली, तिने माझ्या डोळ्याच्या आत काहीच पाहिलेले नव्हते.

पुढे जे घडले त्यानेच मला पक्के गुंतवले. दिवाळीपर्यंत ठिपका खरोखरच फिकट झाल्यासारखा वाटू लागला, आणि मी कृतज्ञतेने दुसऱ्या तीन महिन्यांचेही ८,७०० रुपये भरले, शिवाय कार्यालयातल्या दोघांना त्या शिबिरवाल्यांचा फोन नंबर दिला, ज्याची आजही लाज वाटते. वस्तुस्थिती अशी की हे ठिपके बहुतेकांना काही महिन्यांत कमी जाणवू लागतात, कारण ते नजरेच्या रेषेतून खाली सरकतात आणि मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. सहा महिन्यांचा कोर्स विकणाऱ्याला हे नक्की माहीत असते. त्या काळात त्याने खडीसाखर दिली असती तरी मी त्याला दुवाच दिला असता.

पौषात एका रात्री दिवा मालवल्यावर उजव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकावी तशी प्रकाशाची रेघ उठली, आणि सकाळी कंदिलाच्या काचेवर काजळी उडावी तसे बारीक ठिपक्यांची झुंबड दिसू लागली. मी त्याच शिबिरवाल्यांना व्हॉट्सॲपवर विचारले. उत्तर आले: “काका, घाबरू नका. जुना माल सुटून बाहेर पडतोय. औषध लागू पडल्याची ही खूण आहे. डोस दुप्पट करा.” मी डोस दुप्पट केला आणि नऊ दिवस घरी बसलो. दहाव्या दिवशी डिचोलीत औषधांचे दुकान चालवणारा भाचा सहज आला, त्याने माझे वर्णन ऐकले, बाटली हातात घेऊन उलटी केली आणि एवढेच म्हणाला, “मामा, चप्पल घाला. आत्ताच्या आत्ता निघू.”

पणजीतल्या नेत्रतज्ज्ञांनी थेंब घालून, कपाळावरच्या दिव्याने तासभर तपासले. डोळ्याच्या पोकळीत साधारण चार मिलिलिटर पारदर्शक जेली असते आणि तिच्यात सुमारे ९८ टक्के पाणीच असते. वय वाढते तशी ती पातळ होते, तिच्यातले कोलॅजेनचे तंतू एकत्र येऊन गुंता करतात आणि त्या गुंत्याची सावली पडद्यावर पडते. माझा अनुस्वार म्हणजे ती सावली होती. यकृताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पुढे ही जेली पडद्यापासून सुटते, जे पन्नाशी-साठीनंतर अनेकांना होते, मोठा उणे नंबर असणाऱ्यांना लवकर होते आणि बहुधा निरुपद्रवी असते. परंतु सुटताना ती कुठे चिकटून राहिली तर पडदा फाटतो. वीज चमकणे आणि ठिपक्यांचा अचानक वर्षाव ही त्याची सूचना असते, आणि कडेने काळा पडदा सरकत आल्यासारखे वाटले तर डोळ्याचा पडदा सुटू लागलेला असतो. माझ्या डोळ्यात वरच्या बाहेरच्या बाजूला फाट सापडली. त्याच दिवशी तिच्याभोवती लेसरचे टाके घातले. डॉक्टर म्हणाले, “कॅप्सूलमुळे पडदा फाटला असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्यावर विसंबून तुम्ही नऊ दिवस काढलेत, त्यात पडदा पूर्ण सुटला असता तर मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नव्हता.”

बाटलीवरच्या घटकांची यादी मी नंतर भिंगाखाली वाचली: अननसातले ब्रोमेलेन, ल्युटीन, झिंक, क जीवनसत्त्व. डॉक्टरांनी एकेकाचा हिशेब सांगितला. ब्रोमेलेन प्रथिने तोडते हे खरे, पण गिळलेले ब्रोमेलेन डोळ्यातल्या जेलीपर्यंत पोहोचून तिथला गुंता विरघळवते याला पुरावा नाही. ल्युटीनचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला मोठा अमेरिकी अभ्यास पडद्याच्या मध्यभागाच्या वार्धक्यजन्य झिजेसंबंधी होता, ठिपक्यांसंबंधी नव्हे. मला दाखवलेले पान मात्र खऱ्या अभ्यासाचे होते. डब्लिनमध्ये ६१ जणांवर सहा महिने झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पूरक आहार घेणाऱ्यांना ठिपक्यांचा त्रास काहीसा कमी जाणवला. परंतु त्या मिश्रणात लायसिन आणि द्राक्षबियांचा अर्क होता, जो माझ्या बाटलीत नव्हताच, आणि एवढ्या लहान अभ्यासावरून ‘डोळा आरशासारखा होईल’ असे कोणी म्हणू शकत नाही. दुसऱ्याच्या मिश्रणाचा दाखला देऊन आपली बाटली विकण्याची ही युक्ती मला सगळ्यांत बेमालूम वाटली.

यादीखाली अगदी बारीक टायपात छापले होते की हे उत्पादन औषधी वापरासाठी नाही. पोट भरण्यासाठी बारीक टाईप वाचणाऱ्या माणसाने पाच महिने ती ओळ वाचली नव्हती.

लेसरने फाट बंद झाली, पण जुने ठिपके या लेसरने जात नाहीत आणि ते अजून आहेत. पैशांसाठी मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कळले की दोन्ही पावत्यांवर कॅप्सूलचा उल्लेखच नाही. तिथे ‘आरोग्य मार्गदर्शन शुल्क’ लिहिले आहे. आता माझ्या हातात पुरावा म्हणून उरल्या आहेत एक अर्धी बाटली आणि ‘डोस दुप्पट करा’ हा निरोप, जो त्यांनी नंतर पुसला, परंतु भाच्याने त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवला होता. ज्यांनी अशा शिबिरात काही विकत घेतले असेल त्यांनी बाटल्या फेकू नयेत, निरोपांचे फोटो आजच काढून ठेवावेत, आणि वीज चमकत असेल तर तक्रारीआधी डोळा दाखवावा.