मार्शल डीएसएल२० हेड आणि तीन कॅबिनेट: काही महिने वाजवल्यानंतर

या गिटार अ‍ॅम्पचा आवाज कसा आहे, असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करतो: कुठल्या स्पीकरवर? मार्शलचा डीएसएल२०एचआर हा नुसता हेड आहे, स्पीकर आपला आपण जोडायचा. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला, तेव्हापासून तो तीन निराळ्या कॅबवर, म्हणजे स्पीकरच्या पेट्यांवर, वाजवतोय. एवढ्या काळात नॉब फिरवून जेवढा फरक पडला, त्याच्या कितीतरी पट कॅब बदलून पडला.

आधी हेडबद्दल थोडक्यात. मागे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या दोन ईएल३४ पॉवर ट्यूब (काचेच्या नळ्या), पुढे गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पला ईसीसी८३ ट्यूब. ताकद २० वॉट, स्विच टाकला की १०. डीएसएल हे नाव १९९७ च्या जेसीएम२००० मालिकेपासूनचं आहे. आत्ताची ही आवृत्ती २०१८ मध्ये आली. दोन चॅनेल आहेत. क्लासिक गेनवर स्वच्छ ते किंचित खरखरीत आवाज मिळतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी-जास्त केला की अ‍ॅम्प लगेच ऐकतो. अल्ट्रा गेनवर मेटलपर्यंत सगळं निघतं, पण गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) अर्ध्याच्या पुढे नेण्याची मला कधी गरज पडली नाही. पुढे नुसती मधमाश्यांसारखी भुणभुण वाढते. दोन्ही चॅनेलना ट्रेबल-मिडल-बेस एकच, त्यामुळे एकावर जमवलं की दुसऱ्यावर थोडी तडजोड आलीच. रिव्हर्ब डिजिटल आहे, कामापुरता. टोन शिफ्टचं बटण मधले सूर खोल ओढून घेतं. घरात एकट्याला ते भारी वाटतं, ड्रमर आला की गिटार गायब.

आणि २० वॉट म्हणजे घरगुती, असा समज असेल तर तो आत्ताच सोडा. फ्लॅटमध्ये १० वॉटवरसुद्धा मास्टर (एकूण व्हॉल्यूमचा नॉब) जेमतेम हलवता येतो. आमच्या खालच्या काकू स्वभावाने गोड आहेत म्हणून निभावतंय.

पहिला कॅब तयार घेतलेला: मागून बंद, १२ इंची एक स्पीकर, सेलेस्चन कंपनीचा व्हिंटेज ३०. नाव 'व्हिंटेज', पण हा स्पीकर १९८६ चा. ६० वॉट झेपतात आणि संवेदनशीलता १०० डेसिबल, म्हणजे थोड्या ताकदीत भरपूर आवाज. वरच्या मधल्या सुरांत याला एक टोकदार उठाव आहे. खोलीत एकटं बसून वाजवताना तोच उठाव कानात घुसतो, अर्ध्या तासात कान दमतात. जॅमरूममध्ये मात्र चित्र पालटतं. झांजांचा चुरचुराट आणि बेस गिटारची घुमी यांच्या मधली जागा हा स्पीकर बरोबर पकडतो, व्हॉल्यूम न वाढवता सोलो ऐकू जातो. बंद पेटीमुळे तळहाताने दाबून वाजवलेल्या रिफला धक्का येतो तो वेगळाच. बँडसाठी एकच कॅब घ्यायचा असेल तर मी डोळे झाकून हा सांगेन. घरासाठी नाही.

घरासाठी दुसरा बनवून घेतला. स्पीकर सेलेस्चनचाच, जी१२एम-६५ क्रीमबॅक. पेटीसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटरचा प्लाय आणला आणि ओळखीच्या मिस्त्रींना नकाशा काढून दिला. पुढच्या फळीला २८३ मिलिमीटरचं भोक, वरून काळं रेक्झिन, जाळीला गोणपाटासारखं विणलेलं ज्यूटचं कापड. मिस्त्रींनी काम झकास केलं, सांध्यांत कागदही शिरणार नाही. फक्त मागची बाजू अर्धी उघडी ठेवायची, हे त्यांच्या गळी उतरेना. दोनदा फोन आला, "साहेब, मागचं दार कधी लावायचं?" शेवटी अ‍ॅम्प घेऊन गेलो, एक फळी आधी मागे धरून आणि मग काढून वाजवून दाखवलं. त्यांनी फळी स्वतः पुन्हा लावून-काढून बघितली, म्हणाले, "आता खोलीभर येतंय."

अगदी तेच होतं. मागून सुटलेला आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळे खोलीत कुठेही बसा, गिटार सारखीच ऐकू येते. मात्र मागचा आणि पुढचा आवाज खालच्या सुरांत एकमेकांना खातात, म्हणून बेस पातळ होतो. टेलिकास्टर गिटार, क्लासिक गेन आणि हा कॅब ही जोडी मला सगळ्यात आवडलेली. दाबलेल्या रिफसाठी मात्र तो फुसका.

इथे एक हिशोब सांगण्यासारखा आहे. क्रीमबॅकची संवेदनशीलता ९७ डेसिबल, व्हिंटेज ३० ची १००. फरक तीनच डेसिबलचा, पण तीन डेसिबल म्हणजे दुप्पट ताकद. कागदावर बघाल तर व्हिंटेज ३० वर १० वॉट आणि क्रीमबॅकवर २० वॉट हे आवाजाला सारखेच. त्यामुळे अ‍ॅम्प घरात फार मोठा वाटतोय म्हणून कमी वॉटचा शोधण्याआधी कमी संवेदनशील स्पीकर लावून बघा. १० वॉटचा स्विच आणि क्रीमबॅक हे दोन्ही एकत्र आल्यावर मला घरात मास्टर थोडा वर नेता आला, आणि तेव्हा कुठे ईएल३४ काय करतात ते कळायला लागलं.

तिसरा कॅब माझा नाही, आम्ही सरावाला जातो तिथला. मार्शलचा १९६०ए, आत चार जी१२टी-७५ स्पीकर, वजन सुमारे ३६ किलो. बोटभर व्हॉल्यूमवर पँटचा कपडा हलतो. या स्पीकरचे मधले सूर थोडे मागे आणि वरचा चुरचुरीतपणा पुढे, त्यामुळे टोन शिफ्ट चुकूनही दाबू नये. मिडल आठपर्यंत नेला तेव्हा गिटार गर्दीतून वर आली. चार स्पीकरची भव्यता खरी आहे. पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती घेऊन जाणारा मित्र मला अजून मिळालेला नाही.

१९६०ए ची वरची बाजू तिरपी असते, त्याचा फायदा तिथे उभं राहिल्यावरच कळला. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. छोटा कॅब जमिनीवर ठेवला की तो झोत आपल्या गुडघ्यांना लागतो, कानांना आवाज बोथट येतो, मग आपण ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानाला भोकं पडतात. माझे दोन्ही कॅब आता स्टुलावर, किंचित मागे कललेले असतात. ट्रेबल सातवरून चारवर आला. इतक्या फुकटात दुसरी कुठलीच सुधारणा होत नाही.

जोडण्यांबद्दल, कारण यावर मला सारखे प्रश्न येतात. हेडच्या मागे १६ आणि ८ ओहमची भोकं वेगळी आहेत. कॅबवर जो आकडा असेल त्यातच पिन घालायची. मध्ये स्पीकर केबलच हवी. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते, तिचं ते काम नव्हे. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. अमेरिकेतून कोणी स्वस्तात आणून देत असेल तर मागचा व्होल्टेजचा आकडा वाचा. तिकडचा १२० व्होल्टचा नग आपल्या २३० वर तसाच लावला तर विषय संपला. जुन्या इमारतीत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्याला अर्थिंग असेलच असं नाही. गिटार हातात धरून माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल तर अ‍ॅम्पला दोष देऊ नका, वायरमन बोलवा.

बिघाड एकच झाला. श्रावणात स्वच्छ आवाजावर काही सूर घंटी लागल्यासारखे वाजायला लागले. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ट्यूबवर हलकेच टिचकी मारली, एकीवर मारल्यावर स्पीकरमधून टण् आलं. ती ईसीसी८३ बदलली, काम झालं. प्रीअ‍ॅम्पची ट्यूब अशी घरी बदलता येते. पॉवर ट्यूब बदलल्या की बायस (ट्यूबमधून सतत वाहणारा करंट) तपासावा लागतो, आणि आत अ‍ॅम्प बंद असतानाही जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं, म्हणून ते जाणकाराकडेच द्या.

हल्ली एक नवीन चाळा चालू आहे. माझे दोन्ही कॅब १६ ओहमचे, तेव्हा दोन्ही एकदम लावले की समांतर जोडणीत ८ ओहम होतात, आणि हेडला तशी सोय आहेच. व्हिंटेज ३० ची धार आणि क्रीमबॅकचा पसारा एकत्र येतो, पण त्या तीन डेसिबलमुळे व्हिंटेज ३० दुसऱ्याला झाकून टाकतो. सध्या तो खोलीच्या आडव्या बाजूला वळवून ठेवलाय आणि क्रीमबॅक सरळ माझ्याकडे. समतोल बराच जमतोय, फक्त खोलीत आता खुर्चीला जागा उरलेली नाही.