अल्बम देखणा, डबा कामाचा: पावसाळ्यात नाणी ठेवण्याच्या सामानाची परीक्षा

मुंबई, ठाणे किंवा कोकणात नाणी जमवणाऱ्यांसाठी बाजारात जे सामान मिळतं, त्यातली सगळ्यांत देखणी वस्तू बहुधा सगळ्यांत घातक असते. आणि सगळ्यांत उपयोगी वस्तू नाण्यांच्या दुकानात नसतेच, ती भांड्यांच्या दुकानात असते. जुलै-ऑगस्टात या पट्ट्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. तांबं आणि चांदी सुखरूप राहायला ती ४० च्या खाली हवी. पुढचं सगळं त्याच मापानं तपासलं आहे.

मऊ पानांचे अल्बम

पारदर्शक, लवचीक, हाताला किंचित चिकट लागणारी आणि नव्या रेनकोटसारखा वास मारणारी पानं पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य कालांतरानं पाझरतं. उष्ण, दमट हवेत प्लास्टिकमधून हायड्रोक्लोरिक आम्लाचा अंशही सुटतो. दोन्ही मिळून नाण्यावर हिरवा, चिकट थर धरतात. १९७५ नंतरचे तांबं-निकेलचे रुपये आणि व्हिक्टोरियाचा पाव आणा या रोगाला आधी बळी पडतात, पण चांदीलाही सूट नाही. थर ताजा असेल तर निघतो, मात्र आम्लानं खाल्लेला पृष्ठभाग परत येत नाही.

विकणारा ‘पीव्हीसी-फ्री’ म्हणतो म्हणून सोडू नका. पानाचा एक कोपरा कापून पाण्यात बुडवा. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीन, म्हणजे ठीक. बुडाला तर तो पीव्हीसी असेल किंवा मायलारच्या जातीचा चांगला पॉलिएस्टर असेल. अशा वेळी तांब्याची उघडी तार पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करा आणि ज्योतीतला हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत थांबा. मग तार तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. लखलखीत हिरवी ज्योत दिसली की क्लोरीन आहे, अल्बम परत करा. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका.

चिकट थर आलेल्या नाण्याला शुद्ध अॅसिटोन लागतं. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं घ्या, पंधरा मिनिटं ठेवा, दुसऱ्या वाटीत ताजं घेऊन पुन्हा तेच करा. चोळू नका, हवेवर वाळू द्या. अॅसिटोन भराभर पेट घेतं, म्हणून हे काम चालू गॅसपासून लांब. प्लास्टिकची वाटीही नको, काही प्लास्टिक त्यात विरघळतं. चांदीवरचा काळेपणा किंवा तांब्यावरचा जुना हिरवा गंज यानं जात नाही. चिंच, लिंबू आणि पितांबरी देवाच्या भांड्यांसाठी उत्तम आहेत, त्यांना तिथेच राहू द्या.

पुठ्ठ्याचे चौकटी होल्डर

५० × ५० मिलिमीटरचे, मधे मायलारची खिडकी असलेले. स्वस्त, नाव-साल लिहायला सोयीचे, आणि खिडकी खरोखर मायलारची असेल तर निर्धोक. गोची आहे ती पिनेत. साधी स्टेपल दमट हवेत गंजते, तिचा तपकिरी डाग पुठ्ठ्यातून पसरतो, आणि वर आलेलं टोक शेजारच्या नाण्याच्या चेहऱ्यावर ओरखडा काढतं. स्टेनलेस पिना वापरा, टोकं पकडीनं सपाट दाबा. स्वतःच चिकटणारे होल्डर मिळतात, पण उष्ण हवेत त्यांचा डिंक कडेनं बाहेर सरकतो. नाणं खिडकीच्या कडेला अगदी भिडत असेल तर ते टाळावेत.

शिवराईसारखं जाड, वेडंवाकडं नाणं यात नीट बसत नाही. त्याला पॉलिथिलीन फोमचं कोंदण असलेली डबी बरी.

कॅप्सूल

गोल कॅप्सूल किंवा ल्युश्टटुर्म या जर्मन कंपनीच्या क्वाड्रमसारख्या चौकोनी डब्या कडक, स्वच्छ प्लास्टिकच्या असतात. बोटांचा घाम आणि घासटणं यांपासून त्या छान वाचवतात. मापाबाबत चूक नको: ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया साधारण साडेतीस मिलिमीटरचा, त्याला ३१ चं कोंदण लागतं. सैल कॅप्सूलमध्ये नाणं खुळखुळतं आणि कडा झिजते.

मात्र कॅप्सूल हवाबंद नसते. ही समजूत इतकी घट्ट आहे की लोक कॅप्सूलमधली नाणी उघड्या कपाटात ठेवून निर्धास्त होतात. ओल आत शिरायला वेळ लागतो, पण शिरते. कॅप्सूल हे नाण्याचे कपडे आहेत, छत्री वेगळी लागते.

डबा

ती छत्री म्हणजे चारही बाजूंनी चाप बसणारा, झाकणाला सिलिकॉनची पट्टी असलेला पॉलिप्रोपिलीनचा डबा. पापड-कुरडया सादळू नयेत म्हणून घेतो तोच. पाच ते दहा लिटरचा घ्या. विकत घेताना आत टिश्यू पेपर ठेवून झाकण लावा आणि डबा मिनिटभर पाण्याखाली दाबा. पेपर ओला झाला तर तो डबा पोह्यांना द्या. पट्टीवर केस किंवा धाग्याचा तुकडा अडकला तरी गळती होते, ती वर्षातून एकदा काढून धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा.

इथे एक हिशेब उपयोगी पडतो. ३० अंश तापमानाला, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. म्हणजे दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत फक्त पाव ग्रॅम. डबा उघडल्यानं नाणी बिघडतील ही भीती म्हणून फोल आहे. खरं पाणी असतं पुठ्ठ्यात. पावसाळी हवेत मुरलेला एक किलो पुठ्ठा-कागद ४० टक्क्यांवर आणायचा तर त्यातून साठ-सत्तर ग्रॅम पाणी बाहेर काढावं लागतं. नवं सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) घालूनही आठवड्यात सादळलं अशी तक्रार होते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच. शक्य असेल तर होल्डर मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी भरावेत.

सिलिका जेल

चाळीस टक्के आर्द्रतेला सिलिका जेल आपल्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा पाणी धरतं. वरचा हिशेब लावला तर पुठ्ठ्याचे होल्डर भरलेल्या डब्याला पहिल्यांदा ३०० ते ३५० ग्रॅम जेल लागतं. एकदा कोरडं झालं की १०० ग्रॅम पुरतं. औषधाच्या बाटलीतल्या एक ग्रॅमच्या पुड्या साठवून टाकणं म्हणजे समुद्रात चमचा. शिवाय त्या बहुतेक आधीच भरलेल्या असतात.

निळं घेऊ नका, नारिंगी घ्या. निळ्याचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, ते हाताळायला आणि स्वयंपाकघरात तापवायला योग्य नाही. नारिंगी जेल ओलं झालं की हिरवट किंवा फिकं पडतं. रंगापेक्षा वजन खात्रीचं: कोरडं १०० ग्रॅम जेल पिशवीत भरून एकूण वजन पिशवीवर लिहा. ते १५ ग्रॅमनं वाढलं की तापवायला काढा. ओटीजी ओव्हनमध्ये, खाण्यासाठी न वापरायच्या स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून ११०-१२० अंशाला दोन-तीन तास. त्याहून जास्त तापमानाला रंग जळतो. झाकण असलेल्या काचेच्या बरणीत गार करून मगच डब्यात ठेवा, गरम नको. मण्यांची धूळ चरे पाडते, म्हणून धुतलेल्या घट्ट विणीच्या सुती पिशवीत भरा, नाण्याला टेकू देऊ नका. जोडीला तांदळाचे दाणे ठेवण्याची रीत आहे. ते काहीही करत नाहीत, फक्त किडे बोलावतात.

ज्या वस्तू कपाटाबाहेरच बऱ्या

खाली पाणी साठवणारे ओलावाशोषक डबे. यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, खाली जमतं ते खारं द्रावण. कपड्यांच्या कपाटात ठीक, पण नाण्यांशेजारी डबा एकदा कलंडला की तांब्याला आयुष्यभराचा रोग. डांबरगोळ्याही नकोत. पॅराडायक्लोरोबेंझिनच्या गोळ्यांत तर क्लोरीनच आहे, आणि नॅफ्थलीनचं बाष्प नाण्यावर बसतं. रबरबँडमधलं गंधक चांदी काळी करतं, मग नाणी कितीही कोरडी असोत.

लाकडी पेट्या

मखमलीचे खण, पितळी कडी, भेट द्यायला झकास. ठेवायला नाही. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्यातून आम्लांची वाफ सुटत राहते आणि शिसं ती सोसत नाही. सातवाहनांची शिशाची नाणी अशा पेटीत पांढऱ्या भुकटीनं भरून जातात, अक्षरं-चिन्हं सुटून पडतात. ती भुकटी विषारी आहे: फुंकू नका, हात धुवा. शिशाला पॉलिप्रोपिलीन किंवा काच, तेही वेगळ्या डब्यात.

वेगवेगळे धातू एका पिशवीत भरणंही टाळा. अॅल्युमिनियमचे षटकोनी वीस पैसे आणि तांब्याचा ढब्बू पैसा ओलसर पिशवीत एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियमला खड्डे पडतात. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपयाही गंजत नाही हे खरं नव्हे, खाऱ्या वाऱ्यात त्यावर तांबूस ठिपके उमटतात.

हायग्रोमीटर

हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र: डिजिटल, छोट्या घड्याळाएवढं, डब्यात मावणारं. आकडा पाच टक्के इकडेतिकडे असतो, तेव्हा आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाणी टाकत ओल्या वाळूसारखं करा. झाकण आणि यंत्र झिपच्या पिशवीत, एकमेकांना न टेकवता, बारा तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७९ आला तर यंत्र चार जास्त दाखवतं, तसं चिकटपट्टीवर लिहून त्याच्या पाठीला लावा. हे सगळं नाण्यांपासून दूर, दुसऱ्या खोलीत.

इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट

कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी असतं तेच. ४० वर लावलं की विसरता येतं. किंमत हजारांत, म्हणून दोन-तीनशे चांगल्या नाण्यांखाली परवडत नाही. वीज गेली तर दाराच्या पट्टीवर भिस्त, म्हणजे पुन्हा डब्याचाच न्याय. घेतलंच तर बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा, पावसाळ्यात ती भिंत पाझरते. बँकेच्या लॉकरमध्ये नाणी असतील तर तिथेही जेलसह हवाबंद डबाच ठेवावा. लॉकर चोराला अडवतो, ओलीला नाही.

एसीच्या खोलीतला डबा बाहेर आणून लगेच उघडू नका. थंड नाण्यावर पावसाळी हवेतलं दव बसतं. तासभर बंदच राहू द्या.

आणि तांब्याच्या नाण्यावर फिक्या हिरव्या, सहज झडणाऱ्या भुकटीचे ठिपके दिसले, पुसल्यावर काही दिवसांत परत आले, तर तो क्लोराइडचा चालू रोग आहे. नाणं वेगळ्या छोट्या डब्यात, भरपूर कोरड्या जेलसह काढून ठेवा, पाण्यात टाकू नका. नाणं मोलाचं असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्रात चौकशी करावी.